घरातील नाणेसंग्रह चोरीपासून कसा जपावा

सातारा-सांगली भागातील जुन्या घरांत थोडीफार जुनी नाणी असतातच. देव्हाऱ्यातल्या चांदीच्या वाटीत राणीछाप रुपये असतात, आजीच्या ट्रंकेत शिवराई नाण्यांची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्यांची, पुरचुंडी असते, आणि घरातील एखाद्याला छंद लागला की त्यात ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, संस्थानी नाणी यांची भर पडत जाते. काही वर्षांत संग्रह बराच वाढतो, परंतु त्याच्या सुरक्षिततेचा विचार दागिन्यांइतका होत नाही. दागिना गेला तर त्याच वजनाचा दुसरा घडवून घेता येतो. हाताने पाडलेले जुने नाणे गेले तर हुबेहूब तसे दुसरे मिळत नाही. म्हणून या विषयाकडे संग्राहकाने स्वतःहून आणि वेळेवर लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते.

नाणी चोरीला गेल्यावर ती दोन वाटांनी जातात. सोन्याचांदीच्या नाण्यांचे चोराला फक्त वजन कळते, त्यामुळे ती बहुधा थेट मुशीत पडतात. विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोनेचांदी वितळवून शुद्ध करणारे कारागीर, देशभर पसरलेले आहेत. धातू वितळला की त्याची पूर्वीची ओळख किती पूर्णपणे पुसली जाते, हे सांगली जिल्ह्यातील वाचकाला वेगळे सांगायला नको. तांब्याची नाणी वितळवून चोराच्या हाती फारसे काही पडत नाही, म्हणून ती जुन्या वस्तूंच्या बाजारात किंवा ऑनलाइन विक्रीला येतात, आणि तेथे मालकी सिद्ध करता आली तर ती परत मिळण्याची शक्यता राहते. या दोन वाटा लक्षात घेतल्या की कामाचा क्रम आपोआप ठरतो. मौल्यवान धातूची नाणी चोराच्या हाताला लागणारच नाहीत अशा ठिकाणी हलवावीत, आणि प्रत्येक नाण्याची अशी नोंद करून ठेवावी की कोणासमोरही ‘हे नाणे माझेच आहे’ हे दाखवून देता येईल. तिजोरी, कॅमेरा, कुलूप यांवर खर्च करण्याआधी हे नोंदीचे काम करावे, कारण त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि चोरीनंतर तेच सर्वांत जास्त उपयोगी पडते.

नोंद कशी करावी

अनेक संग्राहकांच्या वहीत ‘शिवराई १४ नग, राणीछाप ९ नग’ एवढीच यादी असते. अशा यादीवरून पोलिसांना काहीही शोधता येत नाही, कारण जप्त झालेल्या नाण्यांपैकी तुमची कोणती हे त्या यादीत कोठेच लिहिलेले नसते. प्रत्येक नाण्याला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकापुढे त्या एकाच नाण्याची लक्षणे लिहावीत.

शिवराईच्या बाबतीत हे काम सोपे आहे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे असली, तरी ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान असल्यामुळे सगळी अक्षरे एका नाण्यावर क्वचितच उतरतात. एखाद्यावर ‘राजा’मधील ‘जा’ अर्धाच आलेला असतो, एखाद्यावर ‘छत्र’ काठाबाहेर गेलेले असते, एखाद्याच्या कडेला घावाने चीर पडलेली असते, तर दुदांडी शिवराईवरील दोन दांड्यांपैकी (आडव्या रेघांपैकी) एक मध्येच तुटलेली दिसते. हे सगळे नाण्याच्या ओळखीचे पुरावे आहेत. ‘उजवीकडील काठ चपटा, “शिव”मधील “व” अपुरा, मागील बाजूस तासाच्या काट्यानुसार चारच्या ठिकाणी खोल खड्डा’ असे वर्णन लिहिले, तर तेच नाणे शंभरांतून वेगळे काढता येते.

यंत्रावर पाडलेल्या नाण्यांना अधिक काळजी लागते. व्हिक्टोरिया राणीचा रुपया साधारण ११.६६ ग्रॅम वजनाचा असतो आणि एकाच सालाचे दोन रुपये वरवर पाहता सारखेच दिसतात. अशा वेळी वापरामुळे पडलेल्या खुणा शोधाव्या लागतात. राणीच्या गालावरील ओरखडा, सराफाने पारखण्यासाठी मारलेला छिन्नीचा घाव, किंवा हारात ओवण्यासाठी कडी बसवताना दिलेल्या डागाची (धातूच्या जोडाची) वरच्या काठावर राहिलेली खूण भिंगातून स्पष्ट दिसते. १८६२ हे साल असलेले रुपये पुढेही अनेक वर्षे त्याच सालाने पाडले जात होते आणि त्यांवर ठिपक्यांची मांडणी निरनिराळी आढळते. तेव्हा हे ठिपके मोजून त्यांची संख्याही लिहावी.

छायाचित्रे मोबाइलवर काढली तरी चालतात. फ्लॅश बंद ठेवून एका बाजूने तिरपा प्रकाश पाडला म्हणजे खोलगट खुणा उठून दिसतात. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे असे किमान तीन फोटो काढावेत, शेजारी मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी ठेवावी, आणि क्रमांकाची चिठ्ठी फोटोत दिसेल अशी मांडावी. दोन दशांश स्थळांपर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणि व्यास मोजण्यासाठी व्हर्नियर कॅलिपर ही दोन साधने पुरेशी आहेत. आणखी एक लक्षण जरूर टिपावे. नाण्याची पुढची बाजू सरळ धरून ते उभ्या अक्षाभोवती फिरवले असता मागची बाजू किती कललेली दिसते, ते घड्याळाच्या तासांत लिहावे. हाताने पाडलेल्या नाण्यांत हा कल बराच वेगवेगळा असतो, आणि चोराला तो बदलता येत नाही.

ओळख पटावी म्हणून नाण्यावर स्वतः खूण करणे, शाई लावणे किंवा चिकटपट्टी लावणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्याने नाण्याचे कायमचे नुकसान होते, आणि निसर्गतःच असलेल्या खुणा पुरेशा असताना त्याची गरजही नसते.

ही नोंद कोठे ठेवावी, हाही विचार करावा लागतो. संग्रहाच्या कपाटातच वही ठेवली तर दोन्ही एकदम जातात. एक छापील प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या विश्वासू नातलगाकडे, आणि एक पेन ड्राइव्ह बँकेच्या लॉकरमध्ये, अशी विभागणी चांगली. घरातील सर्वांच्या मोबाइलवर आपोआप जाणाऱ्या फोटो अल्बममध्ये हे फोटो राहू देऊ नयेत. आणि नोंदीत नाणे घरात नेमके कोठे ठेवले आहे हे कधीही लिहू नये. ती वही चुकीच्या हाती पडली तर तीच चोराची वाटाडी ठरेल.

मालकीचे कागद

विकत घेतलेल्या नाण्यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात हे उघड आहे. वारशाने आलेल्या नाण्यांची पावती नसते, म्हणून घरातील ज्येष्ठ व्यक्ती हयात असतानाच, ही नाणी कोणाकडून आली आणि कोणाला दिली याचे एक निवेदन फोटोंसह लिहून, त्यावर तारीख आणि सही घ्यावी. पुढे वाटणीचा प्रश्न आला तरी हाच कागद उपयोगी पडतो.

जुना वाडा उतरवताना किंवा शेतात नांगरताना नाण्यांचा हंडा सापडला, तर तो गुपचूप संग्रहात घालू नये. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या १० रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शिवाय, ज्याने ही माहिती दडवली त्याच्याकडे चोरी झाली तर तो तक्रार करायलाही कचरतो, आणि अशी कुजबुज गावात पसरली की चोराचे काम आणखी सोपे होते. १०० वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. ती परदेशी पाठवण्यास बंदी आहे आणि त्यांचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. त्यामुळे नाणी विकत घेताना विक्रेता परवानाधारक आहे का हे विचारणे आपल्याच हिताचे आहे.

कोणाला किती सांगावे

संग्राहकाला आपली नाणी दाखवावीशी वाटतात, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु घरफोडी करणारा दर वेळी अनोळखी घरात अंदाजानेच शिरतो असे नाही. कोठे काय आहे याची कुणकुण त्याला आधी लागलेली असू शकते. गणेशोत्सवातील किंवा शाळेतील प्रदर्शनात नाणी मांडायची असतील तर तेथे साधी आणि दुबार नाणी न्यावीत, आणि फलकावर स्वतःचे नाव लिहिले तरी घराचा पत्ता लिहू नये. वर्तमानपत्रात कौतुकाची बातमी येणार असेल तर संग्रह घरी आहे की बँकेत, याविषयी मौन पाळावे. सोशल मीडियावर टाकलेल्या फोटोत मागचे कपाट, खिडकी, दारावरची पाटी दिसत नाही ना, हे पाहावे आणि मोबाइलमधील स्थान नोंदवण्याची सोय बंद करावी.

जुन्या नाण्यांना लाखो रुपये देण्याचे आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींना प्रतिसाद देऊन अनेक जण आपला पत्ता आणि नाण्यांचे फोटो अनोळखी माणसाच्या हवाली करतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चालणाऱ्या अशा फसव्या व्यवहारांबाबत खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेला सावध केले आहे. पैशांची फसवणूक हा त्यातील एक भाग झाला. कोणत्या घरात काय आहे याची आयती यादी परक्याच्या हाती जाणे हा दुसरा भाग, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

घरी पाहुण्यांना नाणी दाखवताना एका वेळी एकच ट्रे बाहेर काढावा, टेबलावर जाड कापड अंथरावे, आणि ट्रे परत ठेवण्यापूर्वी सर्वांसमोर नाणी मोजावीत. हा रिवाज सगळ्यांसाठी सारखा ठेवला म्हणजे कोणाचा अपमानही होत नाही. नाणे उचलून त्याच्या जागी नक्कल ठेवली जाण्याचा प्रकारही घडतो, आणि तो कित्येक महिने कळत नाही. म्हणून वर्षातून दोनदा, वजनाचा काटा घेऊन मौल्यवान नाण्यांचे वजन जुन्या नोंदीशी ताडून पाहावे.

घरातील जागा आणि तिजोरी

‘बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून’ अशी सुरुवात असलेली बातमी लग्नसराईत, मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुटीत आपण नेहमी वाचतो. सातारा जिल्ह्यातील कित्येक गावांत घरची माणसे नोकरीसाठी मुंबई-पुण्यात असतात आणि घर महिनोन्‌महिने कुलूपबंद असते. अशा घरात संग्रह ठेवूच नये, हे माझे स्पष्ट मत आहे. त्याला कितीही मजबूत कुलूप लावले तरी कटावणी घेऊन आलेल्या माणसाला तेथे हवा तितका वेळ मिळतो.

राहत्या घरात बाहेरून लोंबणारे कुलूप ‘आत कोणी नाही’ असे रस्त्यावरून जाणाऱ्याला सांगत असते, म्हणून मुख्य दाराला आतल्या बाजूने बसणारे लॅच लॉक करून घ्यावे. कोयंड्याचे स्क्रू लहान असतील तर ते बदलून चौकटीत खोल जाणारे बसवावेत. कौलारू घर असेल तर कौले सरकवून आत उतरता येते, हे विसरू नये. अशा घरात माळ्यावर काहीही मौल्यवान ठेवू नये.

चोर पहिल्यांदा लोखंडी कपाटातील आतला कप्पा, पलंगाखालची पेटी, देवघर आणि धान्याचे डबे पाहतो. ‘तांदळाच्या डब्यात कोण बघणार’ हा विचार आपल्याप्रमाणेच त्यालाही सुचलेला असतो. लपवण्यापेक्षा जखडून ठेवणे अधिक भरवशाचे असते. छोटी तिजोरी घेतली आणि ती नुसतीच कपाटात ठेवली, तर चोर ती उचलूनच नेतो आणि निवांत ठिकाणी फोडतो. ती काँक्रीटच्या जमिनीत किंवा काँक्रीटच्या स्लॅबमध्ये अँकर बोल्टने आतून कसली पाहिजे. वाई किंवा साताऱ्यातील जुन्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या, जाड भिंतींत बोल्ट धरत नाही. ड्रिल फिरवताच माती भुसभुशीत होऊन गळते. तेथे भिंतीचा नाद सोडून जमिनीत काँक्रीटचा चौथरा ओतून घ्यावा, तो पुरेसा वाळू द्यावा, आणि मग त्यावर तिजोरी बसवावी. हे काम ओळखीच्या गवंड्याकडून करून घ्यावे आणि त्या वेळी तिजोरीत काय ठेवणार याची चर्चा करू नये.

आगीपासून संरक्षण देणाऱ्या तिजोरीच्या आतील थरातून ओलावा सुटतो आणि नाणी काळवंडतात. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या पावसाळी हवेत हा त्रास अधिक जाणवतो. तिजोरीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या ठराविक काळाने बदलाव्यात. मऊ आणि तीव्र वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांमुळे नाण्यांवर हिरवट चिकट थर येतो, म्हणून पॉलिप्रॉपिलीनची किंवा मायलारची पाकिटे वापरावीत.

कॅमेरा असावा, परंतु त्यावर फार विसंबू नये. त्याचे रेकॉर्डिंग साठवणारा डबा दर्शनी भागात असेल तर चोर तोही घेऊन जातो. तो वेगळ्या खोलीत किंवा बंद कप्प्यात ठेवावा.

बँकेचे लॉकर आणि कृष्णेचा पूर

सोन्याची, चांदीची आणि दुर्मीळ नाणी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे हाच सर्वांत चांगला उपाय आहे. घरी अभ्यासासाठी त्यांचे फोटो आणि तांब्याची साधी नाणी पुरेशी होतात. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँक कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत असते. वर्षाचे भाडे २,००० रुपये असेल तर ही मर्यादा २ लाखांची होते, मग आतील नाणी कितीही मोलाची असोत. पूर, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तीत मात्र बँकेवर ही जबाबदारी येत नाही.

सांगलीकरांनी हे शेवटचे वाक्य लक्षपूर्वक वाचावे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत शहराचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्याखाली होता. म्हणून लॉकर घेताना शाखेची तिजोरी कोणत्या मजल्यावर आहे आणि त्या रस्त्यावर पूर्वी पाणी आले होते का, हे विचारावे. शक्य असल्यास कुपवाडसारख्या उंच भागातील शाखा निवडावी. लॉकरमध्येही नाणी झाकण घट्ट बसणाऱ्या, पाणी न शिरणाऱ्या डब्यात ठेवावीत.

पुराच्या वेळी चोरीचा धोकाही वाढतो, कारण गल्लीच्या गल्ली रिकामी होते आणि घरे बंद राहतात. घर पूररेषेजवळ असेल तर संग्रह पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच, लॉकरमध्ये हलवावा. पाणी पायरीशी आल्यावर डबे घेऊन नातलगांकडे किंवा निवारा केंद्रात जाण्याची पाळी आली, तर तेथे नाणी सांभाळणे फार कठीण होते.

विमा

घराचा विमा आहे म्हणून नाण्यांचाही विमा आहे, असे समजू नये. ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत नाणी स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय धरली जात नाहीत, आणि चोरीचे संरक्षणही आग किंवा पुरासारख्या घटनेनंतर ७ दिवसांत, त्या घटनेमुळे झालेल्या चोरीपुरतेच असते. संग्रहासाठी घरफोडीचे वेगळे संरक्षण घ्यावे, नाण्यांची यादी आणि मूल्यांकन पॉलिसीला जोडावे, आणि विमा प्रतिनिधी तोंडी काय सांगतो याऐवजी पॉलिसीच्या कागदावर काय लिहिले आहे ते वाचावे.

चोरी झालीच तर

घर फोडलेले दिसताच आत जाऊन आवराआवर करू नये. हाताचे ठसे कपाटाच्या मुठीवर, ट्रेवर, प्लास्टिकच्या पाकिटांवर उमटलेले असतात. ११२ वर फोन करावा आणि पोलीस येईपर्यंत बाहेर थांबावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवल्यास तीन दिवसांत सही करावी लागते, आणि प्रथम खबरी अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. या अहवालात ‘जुनी नाणी, अंदाजे किंमत अमुक’ एवढेच लिहिले जाऊ नये यासाठी क्रमांक, वजन आणि फोटोंसह यादी सोबत द्यावी आणि ती जोडल्याची नोंद करून घ्यावी.

चांदीच्या नाण्यांसाठी पहिले एक-दोन दिवस निर्णायक असतात. पोलिसांना विचारून त्याच दिवशी गावातील आणि जवळच्या बाजारपेठेतील सराफांना, तसेच पुणे, कोल्हापूर, मुंबईतील नाणे विक्रेत्यांना फोटो पाठवावेत. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि प्रामाणिक सराफ तर अशी माहिती मिळताच सावध होतो. ऑनलाइन विक्रीच्या ठिकाणी पुढील कित्येक महिने नजर ठेवावी. आपले नाणे तेथे दिसले तर विक्रेत्याशी स्वतः वाद घालू नये किंवा ते विकत घेण्याची घाई करू नये. पानाचे स्क्रीनशॉट घेऊन तपास अधिकाऱ्याला द्यावेत.

मिळालेली नाणी मुद्देमाल म्हणून जमा असतात, आणि खटला संपेपर्यंत ती तशीच पडून राहण्याची गरज नसते. न्यायालयात अर्ज करून ती हमीपत्रावर ताब्यात मागता येतात. मालकीचे निवेदन, पावत्या आणि फोटो यांचा उपयोग येथे होतो. ताबा घेताना प्रत्येक नाणे पंचांसमोर नोंदीतील क्रमांकाशी जुळवून घ्यावे, वजन करावे आणि पुन्हा फोटो काढावेत. नाण्यांवर मळ, चिकटा किंवा पंचनाम्याच्या चिठ्ठीची खळ लागलेली असली तरी चिंच, लिंबू किंवा पितांबरीने ती घासू नयेत. खटला चालू असेपर्यंत ती आहेत त्याच अवस्थेत, वेगळ्या पाकिटांत आणि मुद्देमालाच्या क्रमांकासह लॉकरमध्ये ठेवावीत, कारण न्यायालय ती पुन्हा हजर करण्यास सांगू शकते.